शिफ्टवाल्या घरातला गिझर: वेळापत्रकाच्या वर 'जादा पाणी'

घरात कुणी तीन शिफ्टमध्ये काम करत असेल तर गिझरला नुसतं वेळापत्रक लावून भागत नाही. आम्ही नाशिकचे, नवऱ्याची कंपनी सातपूर एमआयडीसीत. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातची, सेकंड दुपारी तीनची, नाइट रात्री अकराची, आणि दर आठवड्याला पाळी फिरते. फर्स्ट असली की पहाटे पाचच्या आधीच गिझर लागायला हवा. नाइट असली की तो घरी येतो तेव्हा, साडेसातनंतर. त्यात अचानक डबल ड्युटी, रात्रीच्या गाडीने उतरणारे पाहुणे, आणि थंडीत गुडघे शेकायला दुपारी पुन्हा गरम पाणी लागणाऱ्या सासूबाई. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गिझर होम असिस्टंटवर, म्हणजे घरातली उपकरणं आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घेतला. अख्खा हिवाळा आणि उन्हाळा त्यावर काढल्यावर हे लिहितेय.

गिझर साधाच आहे, २५ लिटरचा, २००० वॉटचा. त्याच्या लाइनवर वीज मोजणारा १६ अँपिअरचा वायफाय रिले, म्हणजे दुरून चालू-बंद करता येणारा स्विच बसवलाय. होम असिस्टंट रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं आणि बाथरूमच्या दाराबाहेर भिंतीवर झिगबीचं (वायफायसारखंच बिनतारी) एक छोटं बटण चिकटवलंय. सगळं घरातल्या घरात चालतं, इंटरनेट गेलं तरी अडत नाही. गरम पाण्यासारख्या गोष्टीला हे असायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

याआधी मोबाइल ॲपवरचा स्मार्ट प्लग होता. त्यात 'पाच वाजता चालू, साडेसहाला बंद' असं लावता यायचं. पण समजा सव्वासहाला कुणी हाताने चालू केला, तर साडेसहाचा 'बंद' ठरल्याप्रमाणे यायचाच. पंधरा मिनिटांत थंडीतलं पाणी जेमतेम कोमट होतं. उलट, दुपारी चालू केलेला गिझर बंद करणारं कुणीच नसायचं, कारण वेळापत्रकात दुपारच्या नावाने काही नव्हतं. वेळापत्रक फक्त दोन क्षण ओळखतं, लावण्याचा आणि बंद करण्याचा. मधे माणसाने काय सांगितलं ते त्याच्या खिजगणतीत नसतं.

आता मांडणी वेगळी आहे. गिझरला थेट 'चालू' किंवा 'बंद' असं कुणीच सांगत नाही, वेळापत्रकही नाही आणि आम्हीही नाही. होम असिस्टंटमध्ये तीन गोष्टी ठेवल्यात: शिफ्टच्या कॅलेंडरवरून चालणारं वेळापत्रक, दाराबाहेरचं बटण दाबलं की सुरू होणारा 'जादा पाणी' नावाचा टायमर आणि 'गावाला गेलोय' नावाचा खटका. वेळापत्रकाची वेळ असेल किंवा टायमर चालू असेल, आणि खटका बंद असेल, तरच गिझर चालू. हे एकाच ऑटोमेशनमध्ये (आपोआप चालणाऱ्या नियमात) आहे आणि तिन्हींपैकी काहीही बदललं की ते पुन्हा पाहतं. सव्वासहाला बटण दाबलं तर साडेसहाला वेळापत्रक संपतं, पण टायमर शिल्लक असतो म्हणून गिझर चालूच राहतो. टायमर संपला की आपोआप बंद. वेळापत्रकाला हात लावावा लागत नाही, दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं असतं. हाताने दिलेली सूट स्वतःहून संपली पाहिजे, या सगळ्या खटाटोपातलं मला सर्वांत पटलेलं तत्त्व हेच.

टायमरच का, 'इतकी मिनिटं थांब' अशी पायरी का नाही, असं एका भाच्याने विचारलं. होम असिस्टंट मधेच रीस्टार्ट झालं की थांबलेली पायरी विसरली जाते आणि गिझर चालू राहू शकतो. टायमरला 'रिस्टोअर' चालू करून ठेवला की तो रीस्टार्टनंतरही उरलेला वेळ धरून चालतो. आमच्याकडे लाइट जाते-येते, त्यामुळे हे महत्त्वाचं. रिलेलाही सांगून ठेवलंय की वीज आल्यावर आधी बंदच राहायचं. मग होम असिस्टंट जागं झालं की ते ठरवेल.

टायमर किती मिनिटांचा ठेवायचा हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डिसेंबरात टाकीतलं पाणी १८ अंशांवर असेल तर २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला सव्वा युनिटच्या आसपास वीज आणि सदतीसेक मिनिटं लागतात. मे महिन्यात तेच पाणी ३२ अंशांचं असतं, तेव्हा पंचवीस मिनिटांच्या आतच काम होतं. शिवाय थंडीत सकाळी सगळ्या कॉलनीचे गिझर एकदम लागतात आणि व्होल्टेज बसतं. २३०चं २१० झालं की २००० वॉटचा गिझर १६७० वॉटच्या जवळ येतो, कारण वॉटेज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. म्हणून टायमर एक तासाचा, पण तो फक्त वरची मर्यादा. खरी खूण रिलेच्या मीटरवर मिळते: पाणी तापलं की आतला थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि वॉट एकदम शून्यावर येतात. ते दिसलं की टायमर रद्द, आणि स्वयंपाकघरातला छोटा स्पीकर सांगतो, 'पाणी तापलं'. बटण दाबल्या दाबल्याच शून्य दिसलं तर पाणी आधीच गरम आहे, तेही तो सांगतो. घरातल्यांना या सोयीचं सर्वांत जास्त कौतुक आहे. बाथरूममध्ये जाऊन नळाखाली बोट धरून बघणं थांबलं.

पाणी पूर्ण तापू देण्याला आणखी एक कारण आहे. लेजिओनेला हा जिवाणू कोमट पाण्यात, साधारण २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान वाढतो. त्यामुळे चार पैसे वाचवायला रोज अर्धवट तापवून गिझर बंद करणारं ऑटोमेशन मी मुद्दाम केलं नाही. गावाहून परत आल्यावरही आधी एकदा पूर्ण तापवून नळ थोडा सोडून देतो.

सासूबाईंचा प्रश्न सोडवायला मात्र वेळ लागला. त्या अंघोळीला जाताना भिंतीवरचा मेन खटका बंद करतात. खटका बंद झाला की रिलेच मरतो आणि पहाटे पाचला वेळापत्रकाला कुणी सापडत नाही. मी म्हटलं, "आई, तुम्ही खटका तसाच ठेवा ना, ते आपोआप बंद होतं." तर म्हणाल्या, "अगं, अंगावर पाणी घ्यायचं आणि डोक्यावर करंट चालू, मला नाही चालत. तुझं आपोआप मला दिसत नाही." त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. जुन्या वायरिंगच्या घरांत या सवयीनेच माणसं सुरक्षित राहिलीत. म्हणून दाराबाहेरच्या बटणाला दुसरं काम दिलं: एकदा दाबलं की जादा पाणी, दाबून धरलं की ताबडतोब बंद, आणि अर्धा तास वेळापत्रकानेही चालू करायचं नाही. शेजारी एक लहान तांबडा दिवा लावला, तो गिझरला वीज जाते तेव्हाच पेटतो. दिवा विझलेला दिसला की त्या आत जातात. खटका अजूनही कधी कधी बंद होतो. रिले रात्री दहाला सापडला नाही तर माझ्या मोबाइलवर सूचना येते, मी उठून लावून येते.

नरक चतुर्दशीला या सगळ्याची खरी परीक्षा झाली. पहिली अंघोळ उजाडायच्या आत, घरात नणंदेचं कुटुंब उतरलेलं, आणि २५ लिटरमध्ये दोघांची अंघोळ नीट होते. त्या पहाटे प्रत्येकाने बाहेर येताना बटण दाबायचं एवढंच ठरवलं होतं. टायमर दर वेळी नव्याने सुरू व्हायचा, उटणं लावून बसलेल्याला स्पीकरवरून बोलावणं जायचं. कुणाला गार पाण्याने अंघोळ करावी लागली नाही.

बिलाबद्दल बरेच जण विचारतात. अंघोळीपुरता गिझर लावून लगेच बंद करणाऱ्यांचं बिल याने फारसं कमी होणार नाही, पाणी तापवायला लागणारी वीज तेवढीच लागते. दिवसरात्र चालू ठेवणाऱ्यांना फरक दिसेल. आमचा गिझर नळ न सोडता पूर्ण दिवस गरम ठेवून मोजला तर साधारण पाऊण युनिट नुसतं गरम ठेवण्यात गेलं. महावितरणच्या टीओडी (वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत घरगुती विजेला सवलत आहे, म्हणून नाइट शिफ्टच्या आठवड्यात सासूबाईंचं पाणी आणि धुण्याचं गरम पाणी आम्ही त्या वेळेत बसवतो.

बसवताना एका गोष्टीत तडजोड करू नका. २००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, तेही सलग अर्धा-पाऊण तास. दहा अँपिअरच्या प्लगवर हे कागदावर बसतं, पण आमच्या जुन्या प्लगचं सॉकेट पिनांपाशी पिवळं पडलं होतं. रिले १६ अँपिअरचा किंवा वरचाच घ्या, स्क्रू घट्ट आवळलेत ना ते महिन्याभराने पुन्हा बघून घ्या, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करा. बहुतेक रिले फक्त फेज तोडतात, त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी दोन्ही तारा तोडणारा डबल पोल खटकाच बंद करायचा. गिझरचा थर्मोस्टॅट, कटआउट, प्रेशर व्हॉल्व्ह यांना हात लावायचा नाही. रिले त्यांच्या आधी बसतो, त्यांच्या जागी नाही.

एकच उणीव राहिली आहे. टाकीत गरम पाणी नेमकं किती उरलंय ते वॉटवरून कळत नाही. दिवाळीच्या आधी गिझरच्या गरम पाण्याच्या पाइपला तापमानाचा सेन्सर बांधून बघणार आहे, म्हणजे तिसऱ्याने बादली लावण्याआधी बटण दाबायचं की नाही ते त्याला बाहेरच समजेल.