वरचा थर तेवढा खरा होता

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमचं गाव. गवळाऊ गाई राखणाऱ्या सात घरांचा आमचा गट आहे. गटाची औषधं आणण्याचं काम माझ्याकडे, कारण मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलंय. सगळ्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, म्हणूनच हे लिहिताना हात जड होतोय. पण गप्प बसलो तर आयोडीनच्या नावाखाली आम्हाला भलताच माल विकून गेलेला माणूस आणखी दहा गावं फसवेल.

वासरू जन्मलं की त्याची ओली नाळ आयोडीनमध्ये बुडवतात. तिथूनच जंतू शिरतात, म्हणून नाळ लवकर सुकावी आणि जंतू मरावेत यासाठी हे करतात. मेडिकलमधलं तयार टिंक्चर सात घरांना महाग पडायचं. मी मनात धरलं होतं की शुद्ध आयोडीन मिळालं तर सर्जिकल स्पिरिटमध्ये विरघळवून आपणच करू.

नेमका जूनमध्ये एक जण मोटारसायकलवर आला. पिशवीत पांढऱ्या रुंद तोंडाच्या बरण्या, त्यांवर लेबल, ‘शुद्धता ९९.८ टक्के’. अर्धा किलोला ९०० रुपये. खरं आयोडीन किलोला हजारोंच्या घरात जातं, हे मला ठाऊक होतं. विचारलं तर म्हणाला, "काकाजी, मध्य प्रदेशातल्या खाणीतला माल आहे, दलाल नाही मधात." इथेच मी थांबायला हवं होतं. आपल्याकडे लागणारं बहुतेक आयोडीन बाहेरून येतं. चिलीच्या वाळवंटातल्या खनिजातून आणि जपानमधल्या जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून ते काढतात.

पण त्यानं परीक्षानळीत चिमूटभर खडे टाकले, मेणबत्तीवर धरले, आणि नळीत गर्द जांभळी वाफ भरली. वरच्या थंड काचेवर तीच वाफ पुन्हा चमकदार खडे होऊन चिकटली. कॉलेजात हा प्रयोग मी स्वतः केला होता. ती जांभळी वाफ पाहिली आणि माझी सगळी शंका गेली. तीन बरण्या घेतल्या, २,७०० रुपये रोख दिले. ती नळी त्याची होती, खडेही त्याच्याच खिशातल्या डबीतले होते, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

पहिलं टिंक्चर उत्तम झालं. तपकिरी, तोच उग्र वास, बोटाला तोच पिवळा डाग. दोन वासरांच्या नाळा चार दिवसांत सुकल्या. बरणीतला बोटभर वरचा थर खरोखर आयोडीनचा होता.

दुसऱ्या वेळी खालचे खडे घेतले. स्पिरिटमध्ये जांभळट रंग उतरला आणि थोड्या वेळानं तपकिरी झाला. मला वाटलं, टिंक्चर तयार झालं. खाली गाळ बसला, तो मी गाळून टाकला. ऑगस्टमध्ये शेजारच्या काकूंच्या वासराची नाळ पिकली, गुडघे सुजले, ताप चढला. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शनं दिली, पण वासरू पाचव्या दिवशी गेलं. केवळ औषधामुळेच गेलं असं मी म्हणत नाही, गोठ्यात चिखलही होता. पण नाळेला लावलेल्या त्या तपकिरी पाण्यात आयोडीनचा थेंबही नव्हता.

हे डॉक्टरांनीच दाखवून दिलं. काकूंच्या घरातला बटाटा कापला आणि त्यावर माझं औषध टाकलं. आयोडीन असतं तर बटाट्यातल्या पिठामुळे डाग निळा-काळा पडला असता. तो नुसता मळकट तपकिरी राहिला. मग बरणीच्या तळातले दोन खडे ग्लासभर पाण्यात सोडले. गुलाबी-जांभळ्या रेघा सुटत खाली गेल्या आणि ग्लास क्षणात गुलाबी झाला. पोटॅशियम परमँगनेट! विहिरीत टाकतात तेच औषध. तेही काळं-जांभळं आणि चमकदार असतं, पण भाव आयोडीनच्या मानानं फारच कमी. आयोडीन साध्या पाण्यात जेमतेम विरघळतं, पाणी फिकट पिवळट-तपकिरी होतं, गुलाबी कधीच नाही. स्पिरिटनं परमँगनेटचं रूपांतर मँगनीजच्या तपकिरी गाळात केलं, आणि त्या रंगालाच मी टिंक्चर समजलो. शिवाय परमँगनेट हे तीव्र ऑक्सिडीकारक आहे, स्पिरिटसारख्या पेटत्या वस्तूशी त्याची गाठ घालायचीच नसते. चूल दोन हातांवर होती, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

वजनानंही कळलं असतं. आयोडीनचा खडा पाण्याच्या जवळपास पाचपट जड असतो, त्यामुळे अर्धा किलो माल लहानशा बाटलीत मावतो. आमच्या बरण्या मोठ्या होत्या आणि गळ्यापर्यंत भरलेल्या.

खरं आयोडीन मिळालं तरी ते घरगुती वस्तू नाही, हे मला आता पटलंय. उघड्यावर ठेवलं तरी त्याची हळूहळू वाफ होत राहते, डोळे आणि घसा चुरचुरतो, कातडी भाजते. स्टीलच्या डब्याला ते खातं, म्हणून घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीतच ठेवायचं. अमोनियाजवळ तर अजिबात नको, त्यातून स्फोटक पदार्थ बनतो. हातमोजे घालायचे आणि खिडकी उघडी ठेवायची. डाग पडला तर फोटोवाले वापरायचे त्या हायपोच्या पाण्यानं निघतो. इतकं सांभाळण्यापेक्षा मेडिकलमधलं तयार औषध आम्ही पुन्हा आणायला लागलो. वासराच्या पैशाची भरपाई गटाच्या वर्गणीतून काकूंना दिली. माझ्या वाट्याचे पैसे मी वेगळे भरले.

पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. त्या माणसाचा फोन बंद आहे. त्यानं मालासोबत दिलेल्या तपासणी प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवरचा बॅच नंबर बरणीवरच्या नंबराशी जुळत नाही, हे मी पैसे दिल्यावर तीन महिन्यांनी वाचलं.

तो आष्टी आणि कारंजाच्या बाजूलाही फिरून गेला, असं दूधवाल्यांकडून कळलं. तशी पांढरी बरणी तुमच्याकडे असेल तर वरचे खडे तपासू नका. बरणी जुन्या वर्तमानपत्रावर अंगणात पालथी करा, तळाचे दोन खडे पाण्यात टाका, आणि पाणी गुलाबी झालं तर बरणी आणि बिल दोन्ही जपून ठेवून ठाण्यात जा. आमच्या अर्जासोबत तुमचाही अर्ज लागेल.