धरमपेठेतील कर सल्लागाराची सेवा: हिशेब समजावून देणारी
नागपूरच्या धरमपेठेतील या लहानशा कार्यालयात प्राप्तिकर विवरणपत्र भरण्याआधी करपात्र उत्पन्न कसे ठरते, हे कागदावर मांडून दाखवतात. घरभाडे भत्त्याचे विवेचन विशेष उपयुक्त वाटले: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भरलेल्या भाड्यातून मूळ वेतन व महागाई भत्त्याचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम आणि, नागपूर महानगरांच्या यादीत नसल्यामुळे, त्याच वेतनाचे ४० टक्के, यांपैकी सर्वांत लहान रकमेलाच सूट मिळते, तीही केवळ जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) आहे. बचत खात्याचे व्याजही त्यांनी आवर्जून विचारले, जे बहुतेकांच्या ध्यानातच नसते. शुल्क मात्र आधी सांगत नाहीत, आणि जुलैअखेर तेथे बसायलाही जागा नसते.