लायपो की एलएफपी? नागपूरच्या उन्हाळ्यातल्या वर्कशॉपसाठी

ड्रोनही उडवायचा आणि टेबलावरचे दिवे-पंखेही चालवायचे, मग बॅटरी कोणती, लायपो (लिथियम पॉलिमर) की एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट)? आधी आगीचं बघा.

लायपोचा सेल ४.२ व्होल्टला भरतो. त्यापुढे चार्ज झाला, टोचला गेला किंवा फुगलेलाच वापरला, तर आतल्या दोन इलेक्ट्रोडमधला पडदा फाटून शॉर्ट होतो आणि काही सेकंदांत ज्वाळा निघतात. एलएफपीचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो. तापला तरी त्याचा कॅथोड (धन इलेक्ट्रोड) सहजी ऑक्सिजन सोडत नाही. पेटणं अवघड, अशक्य नव्हे.

आयुष्यात एलएफपी कितीतरी पुढे, वजनाला मात्र जड.

चार्जिंगला दोन्हींना १सी, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतकाच करंट पुरे: २२०० एमएएचला (मिलिअँपिअर-तास) २.२ अँपिअर, बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून असलेली वायर) लावूनच. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एलएफपी चार्जरच्या लायपो मोडवर लावणं. ती सरळ ओव्हरचार्ज होते. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, आणि बहुतेक सेलची चार्जिंगची मर्यादाही तेवढीच. त्यामुळे टिनाच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग नकोच. पहाटे, फरशीवर, थिनर-भुशापासून लांब, समोर बसून करा. वापरात नसताना लायपो प्रतिसेल ३.८ व्होल्टवर ठेवा.

उडवायचं असेल तर लायपोच. टेबलावरच्या कामाला एलएफपी घ्या.