कॅल्क्युलिक्सवर सात महिने: सायकली वीस, हिशेब लाखाचा

उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या की मधल्या हूकप्लेटचे हाल विचारू नका. चढाला ओढ, उताराला धक्का, आणि शेतातून डांबरीवर येईपर्यंत हिसकेच हिसके. आमचं वर्कशॉप या प्लेटा बनवतं. गेल्या गळीत हंगामात चार प्लेटा भोकाच्या आतल्या कडेला तडकून परत आल्या. साध्या लिनियर रनमध्ये (धातू कायमचा वाकतच नाही असं धरून केलेल्या कॉम्प्युटरच्या हिशेबात) तिथला स्ट्रेस, म्हणजे ताण, 350 एमपीए दिसला होता. स्टीलचा यील्ड, म्हणजे ज्यापुढे ते कायमचं वाकतं ती मर्यादा, 250. ‘एवढंसं लोकल आहे, एकदा यील्ड झालं की बसेल’, असं म्हणून ड्रॉइंगवर सही मीच केली होती.

म्हणून कॅल्क्युलिक्स घेतलं, भागाचे छोटे तुकडे कल्पून त्यातला स्ट्रेस काढणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि सोर्स खुला आहे. म्युनिकच्या विमान-इंजिन कंपनीतल्या, एमटीयूतल्या, गिडो डॉन्ट आणि क्लाउस व्हिटिग या दोघांनी ते उभं केलं. इनपुट फाइलची धाटणी अबॅकस या व्यावसायिक सॉफ्टवेअरची, त्यामुळे पूर्वी त्यावर हात बसलेला असेल तर दोन दिवसांत रुळता येतं. मेश (त्या छोट्या तुकड्यांची जाळी) आणि चित्रांसाठी वर प्रीपोमॅक्स, तेही मोफत, स्लोव्हेनियातल्या मारिबोर विद्यापीठातलं.

सुरुवातीला कल्पना अशी होती की लाखभर सायकली, म्हणजे ओढ-धक्क्याच्या फेऱ्या, देऊ आणि प्लेट कधी तुटते ते बघू. माझ्या मॉडेलची एक सायकल 25 मिनिटं घेते. लाख सायकलींना पावणेपाच वर्षं! तसं कोणी करतही नाही. दहा-वीस सायकली चालवायच्या, स्ट्रेस-स्ट्रेनचा (स्ट्रेन म्हणजे लांबणं-आखडणं) आलेखावरचा लूप एका जागी स्थिरावतो का ते बघायचं, आणि त्या स्थिर लूपमधली स्ट्रेनची रेंज घेऊन आयुष्याचा हिशेब बाहेर, स्ट्रेनच्या रेंजवरून किती फेऱ्या टिकेल ते सांगणाऱ्या कॉफिन-मॅन्सनच्या सूत्राने, स्प्रेडशीटमध्ये करायचा. सॉफ्टवेअर आयुष्य सांगत नाही, लूप देतं.

आता खरी मेख. तो लूप कसा दिसेल हे ठरतं हार्डनिंगच्या, म्हणजे यील्डनंतर धातू कसा कडक होतो त्याच्या, एका शब्दावर. मी आधी आयसोट्रॉपिक ठेवलं होतं, सवयीने. दोन-तीन सायकलींत सगळं शांत, प्लास्टिक (कायमचा राहणारा) स्ट्रेन वाढायचा थांबला, प्लेट अमर. तडकलेली प्लेट टेबलावर समोर पडलेली! आयसोट्रॉपिकमध्ये यील्डची मर्यादा ओढीला वाढली की धक्क्यालाही तेवढीच वाढते. खरं लोखंड तसं वागत नाही. एका बाजूला नमवलं की उलट बाजूला लवकर नमतं. बाउशिंगरने हे एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. कायनेमॅटिक, म्हणजे ओढीची मर्यादा वाढली की धक्क्याची तेवढीच घटते असं, लावल्यावर चित्र पालटलं. ओढीला 350, धक्क्याला 250, मिळून 600 ची रेंज. यील्डच्या दुपटीपेक्षा, म्हणजे 500 पेक्षा, जास्त. मग दर फेरीत कड थोडी प्लास्टिक होणारच. मी फक्त ओढ बघितली होती, धक्का मोजलाच नव्हता. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत झाला असता, पण आधी सुचला नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका वेगळ्याच भानगडीत. सगळ्या सायकली एकाच स्टेपमध्ये, वेळेनुसार लोड सांगणाऱ्या अ‍ॅम्प्लिट्यूड टेबलने दिल्या होत्या. पहिल्यांदा रन चौथ्या सायकलीतच थांबला, कारण एका स्टेपला मुळात 100 इन्क्रिमेंटचीच, म्हणजे हिशेबाच्या पावलांचीच, मर्यादा असते. ती वाढवली. मग रिअ‍ॅक्शन फोर्स (आधाराचा उलट जोर) बघतो तर पहिल्या शिखराला 40 किलोन्यूटन, तिसऱ्याला 37, सहाव्याला 39. दोन दिवस मी खुशीत होतो की मटेरियल मऊ पडतंय, सायक्लिक सॉफ्टनिंग सापडलं! सापडलं काहीच नव्हतं. लोड उतरताना सगळं इलॅस्टिक असल्यामुळे सॉल्व्हर पाऊल मोठं करत जातो आणि त्याच मोठ्या पावलाने पुढचं शिखर ओलांडून जातो. इनपुट फाइलमधल्या स्टॅटिक कार्डच्या ओळीतला चौथा आकडा, कमाल इन्क्रिमेंट, मी रिकामा सोडला होता. आता मी टेबलच वापरत नाही. दर अर्ध्या सायकलीची वेगळी स्टेप: एकदा अधिक 40 पर्यंत, एकदा उणे 28 पर्यंत. स्टेपचा शेवट शिखरावरच होतो. चाळीस स्टेप्स पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने लिहून घेतो.

लूप काढताना आकडे रंगीत चित्रातून घेऊ नका. तिथले स्ट्रेस इंटिग्रेशन पॉइंटवरून (तुकड्याच्या आत, जिथे स्ट्रेस खरा काढला जातो) नोडवर (तुकड्याच्या कोपऱ्यावर) ताणून आणलेले असतात आणि कडेला फसवतात. डॅट फाइलमध्ये (निकालाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) इंटिग्रेशन पॉइंटचे आकडे मिळतात, तेच घ्या.

रीस्टार्टची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून वापरा. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते हे विसरून मी बुधवारी रात्री रन लावला होता, पुढचं काय सांगू.

कमतरता? कम्बाइन्ड (दोन्ही मिळून) हार्डनिंग आहे, पण दर फेरीला स्ट्रेन एकाच दिशेने सरकत जाणारं रॅचेटिंग त्यात नीट पकडता येत नाही. त्यासाठी शाबोशचं मॉडेल हवं, आणि ते तयार मिळतं फ्रान्सच्या वीज कंपनीच्या, ईडीएफच्या कोड-अ‍ॅस्टरमध्ये, तेही फुकट. पण त्याच्या कमांड्स फ्रेंच वळणाच्या आहेत आणि माझं फ्रेंच ‘मेर्सी’पाशी संपतं. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच: ओढून तोडण्याच्या चाचणीचा वक्र इथे चालत नाही, सायक्लिक वक्र लागतो, आणि लॅबचं कोटेशन बघून मालकांनी चष्मा काढून ठेवला.

भोकाच्या कडेला चार मिलिमीटरचा गोलवा दिलाय आणि प्लेट दहाची बारा मिलिमीटरची केलीय. नव्या रनमध्ये रेंज 500 च्या आत आली. सहा प्लेटा दिवाळीनंतर दोन ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यांकडे जातील. वेल्डचा टो (वेल्डची कड प्लेटला मिळते ती जागा) मात्र अजून मॉडेलमध्ये नाही, तो आज रात्री घालतोय.