विमानाच्या अँटेनांना दिलेला रंग: काही महिन्यांच्या उड्डाणानंतरचा अनुभव

जुन्या विमानाची डागडुजी करताना पत्रा, काचा आणि आसने यांचे निर्णय लवकर होतात. अँटेनांना रंग द्यायचा की नाही, हा प्रश्न मात्र रंगकामाच्या आदल्या दिवसापर्यंत लोंबकळत राहतो. आमचे दोन आसनी सेसना १५० नव्या रंगात पुन्हा उडू लागल्याला आता काही महिने झाले असून ऊन, पाऊस आणि पोटाखाली साचणारे इंजिनाचे तेल हे सगळे त्याने सोसले आहे. त्या आधारावर माझे मत असे, की बोलण्याच्या रेडिओच्या अँटेनाला पातळ आणि धातुविरहित रंग दिल्याने काहीही बिघडत नाही, जीपीएसचा अँटेना रंगाविना सोडलेलाच बरा, आणि अँटेनावर चढलेल्या रंगापेक्षा त्याच्या बुडाखाली राहिलेल्या रंगाची काळजी अधिक करावी लागते.

हा फरक तरंगलांबीमुळे पडतो. बोलण्याचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो आणि तिथे तरंगलांबी साधारण सव्वादोन ते अडीच मीटर असते. तिच्यापुढे काही दशक मायक्रॉन जाडीचा रंगाचा थर नगण्य आहे. जीपीएसचा मुख्य संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, त्याची तरंगलांबी जेमतेम १९ सेंटिमीटर असते, आणि तो सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून येत असल्यामुळे मुळातच अतिशय क्षीण असतो. शिवाय या अँटेनात बहुधा सिरॅमिकची चकती असते आणि ती अगदी अरुंद पट्ट्यासाठी जुळवलेली असते. वर रंगाचा जाड थर बसला की ती जुळणी खाली सरकते. ट्रान्सपाँडर, म्हणजे जमिनीवरच्या रडारच्या विचारणेला आपोआप उत्तर देणारे यंत्र, १०३० मेगाहर्ट्झवर ऐकते आणि १०९० वर उत्तर देते; ते रेडिओ आणि जीपीएस या दोहोंच्या मधले असल्याने त्याचा छोटा अँटेनाही आम्ही रंगाविना, जसा होता तसाच ठेवला. उत्पादकाच्या सूचनापत्रात रंगाला मनाई असेल, तर अर्थातच पुढची चर्चा करण्याचे कारण उरत नाही.

रंगाची निवड हा वादाचा विषय ठरला, कारण नव्या नक्षीतला चंदेरी पट्टा छतावरून जाताना नेमका बोलण्याच्या रेडिओच्या पात्यासारख्या अँटेनाला छेदत होता. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची सूक्ष्म पत्री असते, काही काळ्या रंगांत वीजवाहक कार्बन असतो, आणि प्रक्षेपण करणाऱ्या भागावर या दोहोंना जागा नाही. म्हणून पट्टा अँटेनाच्या अलीकडे थांबवून पलीकडे पुन्हा सुरू केला आणि पाते पांढऱ्या, दोन घटक मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेनने रंगवले. दिसायला हे थोडे तुटक वाटते, पण मला ते आवडले. जुना रंग बारीक पॉलिश पेपरने हाताने घासूनच उतरवला. पत्र्यावरचा रंग काढणारे रसायन फायबरग्लासच्या पात्यावर गेले तर आतली राळ मऊ पडते, त्यामुळे पत्रा सोलण्याआधीच सगळे अँटेना उतरवून बाजूला ठेवले होते.

उतरवण्याचा खरा फायदा मात्र परत बसवताना कळला. अँटेनाच्या दृष्टीने विमानाचा पत्रा हा त्याचा उरलेला अर्धा भाग असतो आणि त्या दोहोंतला विद्युत संपर्क बुडाच्या तळातून व स्क्रूंमधून होतो. जुन्या रंगकामात कोणीतरी अँटेना जागेवर ठेवूनच फवारा मारला होता, त्यामुळे स्क्रूंच्या माथ्यांवर आणि त्यांच्या खळग्यांत रंगाची कड चढून बसली होती आणि गॅस्केटखाली पांढरट गंज आला होता. ती जागा उघड्या धातूपर्यंत साफ करून तिच्यावर गंज रोखणारी, पण वीजवाहक राहणारी क्रोमेट प्रक्रिया केली, गॅस्केट नवे घातले, आणि बूड व पत्रा यांतला रोध मिलिओहममध्ये मोजून झाल्यावरच कडेने सीलंट भरले. हा क्रम उलटा केला, तर नंतर मोजणीत खोट निघाल्यास सगळे सीलंट खरवडण्याची वेळ येते.

एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे) तंत्रज्ञाने रंगापूर्वी व रंगानंतर रेडिओच्या मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर एसडब्ल्यूआर मोजला; अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे दाखवणारा हा आकडा जितका एकाच्या जवळ तितका चांगला. रंगामुळे आकड्यात सांगण्याजोगा फरक पडला नाही. बुडाची साफसफाई झाल्यावर मात्र तो सर्वत्र दोनाच्या खाली आला आणि पूर्वी दूरच्या टॉवरशी बोलताना येणारी खरखर गेली. नव्या रंगाने रेडिओ सुधारला, असे कोणी सांगितले, तर श्रेय बहुधा या साफसफाईचे असते.

रंग म्हणून तो टिकला कसा, याचे उत्तर संमिश्र आहे. पात्याच्या बाजू अजून चकचकीत आहेत, पण पावसातून उडाल्यावर पुढच्या धारेवरचा रंग टोकाकडे टवके उडून गेला आहे आणि खालचा प्रायमर दिसतो. शेपटीवरच्या व्हीओआर (जमिनीवरच्या केंद्रावरून दिशा दाखवणारी रेडिओ यंत्रणा) अँटेनाच्या दोन दांड्या आम्ही मुद्दाम रंगवल्या नाहीत, कारण त्या उडताना सतत थरथरतात आणि त्यांच्यावरचा रंग तडकतो. पोटाखालचा ट्रान्सपाँडरचा अँटेना तेलाने आणि काजळीने माखतो. तो मऊ फडक्याने पुसला की काम भागते.

धारेवरचे टवके ब्रशने बुजवण्याचा मोह होतो, पण प्रत्येक डागडुजीत थर जाड होत जातो. येत्या वार्षिक तपासणीत ती धार घासून सपाट करायची आणि तिच्यावर एकच पातळ फवारा द्यायचा, असे ठरवले आहे.