मधलं मॉडेल की टॉप? एकाच गाडीची दोन रूपं चालवून पाहिल्यावर

आमच्या घरात एकच गाडी दोनदा आली. २०२३ च्या दसऱ्याला मी एका कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं मधलं व्हेरिएंट घेतलं आणि पुढच्या पाडव्याला दादाने त्याच गाडीचं टॉप मॉडेल घेतलं. इंजिन तेच आणि गिअरबॉक्सही तोच. ऑन-रोड फरक साडेतीन लाखांच्या आसपास. मी पुण्यात राहते, आई-बाबा चिपळूणला. महिन्यातून एकदा तरी ताम्हिणीने खाली उतरायचं असतं, आणि ज्याची गाडी रिकामी असेल ती घेऊन निघायचं, असं आमचं ठरलेलं आहे. त्यामुळे दोन्ही गाड्या मी जवळजवळ सारख्याच चालवल्या आहेत. आता नागपूरची मामेबहीण गाडी घेतेय आणि रोज फोनवर विचारते, "ताई, टॉप घेऊ का?" तिला तुकड्यातुकड्याने जे सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते.

आधी दोन्हींत जे समान आहे ते सांगते, कारण तेच सगळ्यात मोलाचं आहे. सहा एअरबॅग, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, चढावर गाडी मागे घसरू न देणारं हिल होल्ड आणि ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ आणणारी यंत्रणा. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाडीतून आलेली ही ईएससी आज आपल्या बजेटमधल्या गाड्यांतही मिळते. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ती असावीच लागते. तुम्ही बघताय त्या गाडीच्या मधल्या व्हेरिएंटमध्ये यातलं काही गाळलं असेल, तर पुढची सगळी तुलना बाजूला ठेवा आणि वरचं व्हेरिएंट घ्या.

पडदा आणि बटणं

माझ्या गाडीत सात इंचांचा पडदा आहे आणि एसीला तीन गोल नॉब. दादाच्या गाडीत सव्वादहा इंचांचा पडदा आणि त्याखाली काळा गुळगुळीत टच पॅनल. शोरूमच्या दिव्यांत दादाची गाडी फार देखणी दिसते.

जुलैत ताम्हिणीत शिरल्यावर चित्र बदलतं. बाहेर धो धो पाऊस, आत चार माणसं, आणि दोन मिनिटांत पुढची काच आतून धुरकटते. त्या क्षणी हवा काचेवर वळवायची, एसी चालू करायचा आणि पंखा वाढवायचा, एवढी तीनच कामं. माझ्या गाडीत हात आपोआप तिथे जातो, नॉबची खाच बोटाला कळते आणि नजर रस्त्यावरून हलत नाही. दादाच्या गाडीत काचेवरचं धुरकं घालवायचं बटण पॅनलवर आहे, पण ते सपाट आहे. बघितल्याशिवाय सापडत नाही आणि बोट ओलं असलं की दाद देत नाही. हवेची दिशा बदलायला मोठ्या पडद्यावर जावं लागतं. तिथे नकाशा लागलेला असतो, तो बाजूला सारून एसीचं पान उघडायचं. समोर वळण आणि वळणावरून येणारी एसटी. एकदा मी सरळ गाडी कडेला घेतली, काच साफ होईपर्यंत थांबले आणि मगच निघाले. बोलून सांगायची सोय आहे, पण टपावर पाऊस वाजत असताना तिला माझं काही ऐकू गेलं नाही.

हा माझ्या एकटीचा हेका नाही. २०२२ मध्ये स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या मासिकाने ११ नव्या गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्वो शेजारी शेजारी तपासली. ताशी ११० किलोमीटर वेगात हीटर, रेडिओ, ट्रिप मीटर असली चार साधी कामं करायची होती. आधी प्रत्येक गाडीचा सराव करायला वेळही दिला होता. जुन्या व्होल्वोत १० सेकंद लागले, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या गाडीत ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. युरोपच्या एनकॅपनेही आता भूमिका घेतली आहे: २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारी बटणं किंवा दांडे नसतील, तर गाडीचे गुण कमी होणार.

म्हणून माझं पहिलं मत असं: पडदा कितीही मोठा असू दे, एसीला नॉब आणि आवाजाला बटण असेल तर चालेल. ते नसेल, तर ती गाडी घाटात चालवणाऱ्याने नीट विचार करावा.

अडास: कुठे सोबत करतं, कुठे नाही

टॉप मॉडेलच्या साडेतीन लाखांतला मोठा वाटा अडासचा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा. काचेमागे कॅमेरा आणि पुढे रडार. पुढचं वाहन बघून वेग कमी-जास्त करणारं क्रूझ, लेन सुटली की स्टिअरिंग ओढून आणणारं सहाय्य, आणि धडक होणार असं वाटलं की स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक 'लेव्हल २'. याचा अर्थ गाडी मदत करते, पण चालक तुम्हीच आणि जबाबदारीही तुमचीच.

आपोआप ब्रेकबद्दल माझ्या मनात आदर आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने तिथल्या अपघातांची पाहणी केली, तेव्हा अशा यंत्रणेमुळे मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने कमी झालेले दिसले. दादालाही एकदा द्रुतगती मार्गावर हा अनुभव आला. पुढचा ट्रक अचानक जवळजवळ थांबला, दादाचा पाय ब्रेकवर पोचण्याआधी गाडीने ब्रेक धरला होता. घरी आल्यावर तो बराच वेळ गप्प बसून होता. त्या संध्याकाळपासून मी या यंत्रणेला वायफळ खर्च म्हणणं सोडून दिलं.

पण सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सातला हीच गाडी वेगळी वागते. दुचाकीवाला हातभर अंतरावरून तिरका कापून जातो, गाडीला वाटतं धडक होणार, ती जोरात ब्रेक मारते आणि मागचा रिक्षावाला जेमतेम थांबतो. लेनच्या सहाय्याचं तर गणितच वेगळं आहे. त्याला पट्टे दिसावे लागतात. माणगावच्या पुढे कितीतरी ठिकाणी पट्टे पुसलेले, काम चालू असलेले किंवा जुने-नवे एकमेकांत मिसळलेले. खड्डा किंवा सायकलवाला चुकवायला मी इंडिकेटर न देता जरा उजवीकडे सरले, की स्टिअरिंग मला परत खड्ड्याकडे ओढू पाहतं. ओढ हलकी असते, मनगटाने मोडता येते, पण त्या क्षणी कुणीतरी आपला हात धरल्यासारखं वाटतं. मी ते बंद करते आणि गाडी पुन्हा सुरू केली की ते परत चालू झालेलं असतं. रोज.

मुसळधार पावसात किंवा दाट धुक्यात डॅशबोर्डवर संदेश येतो की सहाय्य तात्पुरतं उपलब्ध नाही. कॅमेऱ्याला दिसत नसेल तर त्याने तसं सांगणं योग्यच आहे. फक्त घ्यायच्या आधी हे माहीत असावं: सगळ्यात अवघड रस्त्यावर तुम्ही एकटेच असणार.

एक खर्च शोरूममध्ये सहसा कुणी आपणहून सांगत नाही. दादाच्या पुढच्या काचेला खडी लागून तडा गेला. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर अचूक जुळवणं, पुन्हा करावं लागतं. काच एका दिवसात बसली, कॅलिब्रेशनसाठी गाडी आणखी चार दिवस अडकली. माझ्या गाडीची काच गेली असती तर संध्याकाळी घरी आले असते. बंपरवर किरकोळ ठोकर बसली तरी हाच प्रश्न, कारण रडार तिथे असतं. विमा घेताना याबद्दल नीट विचारून घ्या.

कटकट वाटणारे आवाज

नव्या गाडीत सतत काहीतरी वाजत असतं आणि लोक वैतागतात. पण यातले दोन आवाज दोन्ही गाड्यांत सारखेच आहेत आणि ते वाजलेच पाहिजेत. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना वेगाचा इशारा सक्तीचा आहे: ८० च्या वर थांबून थांबून, १२० च्या वर सलग. दुसरा सीटबेल्टचा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. तरीही आवाज बंद करायला बक्कलमध्ये अडकवायच्या खोट्या क्लिपा सर्रास मिळत होत्या. शेवटी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रेत्यांना ती विक्री थांबवायला सांगावं लागलं. दादाच्या गाडीत मागच्या तिन्ही सीटचा बेल्ट पडद्यावर दिसतो, माझ्या गाडीत दिसत नाही. ही एक गोष्ट मला त्याच्याकडून मनापासून हवी आहे. बाबा मागे बसले की बेल्ट टाळतात आणि मला दरवेळी मान वळवून बघावं लागतं.

जिथे टॉप निर्विवाद पुढे आहे

३६० अंशांचा कॅमेरा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये गाडी घालताना आणि चिपळूणच्या आमच्या गल्लीत गडग्याला घासू न देता वळवताना त्याने कितीदा वाचवलं आहे. माझ्याकडे मागचा कॅमेरा आणि सेन्सर आहेत, त्यावर भागतं, पण पुढच्या कोपऱ्यांचा अंदाजच घ्यावा लागतो. पावसाळ्यात कॅमेऱ्यांवर चिखल बसतो, एक फडकं दारात ठेवायचं.

ऑटो होल्ड. दादाच्या गाडीत हँडब्रेकच्या जागी बटण आहे. सिग्नलला गाडी थांबली की ब्रेकवरचा पाय काढला तरी ती जागची हलत नाही. रोज तास-दीड तास रांगेत काढणाऱ्याच्या गुडघ्यांना याची किंमत कळेल.

टायरमधल्या हवेचा आकडा दाखवणारी टीपीएमएसही टॉपमध्ये आहे. ही फार महत्त्वाची, पण तिच्यासाठी टॉप घ्यायची गरज नाही. व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर बाहेर काही हजारांत मिळतात, मी तेच बसवले. समृद्धी महामार्गावर जाणाऱ्याने तर याशिवाय निघूच नये. ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता, १२० ची मर्यादा, मे महिन्याची दुपार आणि कमी हवेचा टायर, हे एकत्र आलं की टायर तापून फुटू शकतो. हवा टायर थंड असताना तपासा.

सनरूफ दोनदा उघडलं, नंतर उन्हाने पडदा ओढूनच ठेवला. मुलांना त्यातून उभं करू नका, एवढंच.

मोबाइल ॲपने गाडीशी जोडणारी सेवा पहिली काही वर्षं फुकट असते, पुढे वर्गणी. गाडी कुठे आहे हे कळणं आणि बसण्याआधी एसी सुरू करता येणं, या दोन गोष्टी कामाच्या. बदल्यात गाडी तुमच्या फेऱ्यांची नोंद ठेवते. २०२३ मध्ये मोझिला फाउंडेशनने २५ मोटार ब्रँडची गोपनीयता तपासली आणि एकही पास झाला नाही. गाडी विकताना फोनबुक, घराचा पत्ता आणि ॲपचं खातं पुसायला विसरू नका.

पैशांचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून 'वाचले त्यात थोडे घालून टॉपच घ्या' हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण महाराष्ट्रात रस्ता कर किमतीच्या टप्प्याने वाढतो: खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२, त्यापुढे १३. ९ लाख ८० हजारांच्या गाडीला १ लाख ७ हजार ८०० रुपये, तर १० लाख ८० हजारांच्या गाडीला १ लाख २९ हजार ६०० रुपये. म्हणजे एक लाखाच्या फरकावर करातच २१ हजार ८०० जास्त. त्यावर वाढलेला विमा आणि कर्जाचं व्याज.

मी आज पुन्हा घेतली तरी मधलंच घेईन. माझे रस्ते म्हणजे शहर, घाट आणि कोकण. तिथे अडास अर्ध्या वेळा गप्प असतं आणि नॉब कायम कामाला येतात. वाचलेल्या पैशांतून चांगले टायर आणि टीपीएमएस घ्यायचे.

बहिणीला मात्र मी टॉप घे म्हणतेय. ती नोकरीसाठी महिन्यातून दोनदा समृद्धीने संभाजीनगरला जाते, बहुतेक एकटी. सरळ, पट्टे आखलेला, तासन्तास न बदलणारा रस्ता. डोळा लागायची भीती तिथेच जास्त, आणि आपोआप ब्रेक व लेनचा इशारा हे ज्यासाठी बनवलेत तो रस्ता हाच. शिवाय नागपूरचं ४५ अंशांचं ऊन. सीटमधून गार हवा देणारी व्हेंटिलेटेड सीट पुण्यात मला चैन वाटली, तिच्यासाठी ती गरज आहे.

रविवारी ती टेस्ट ड्राइव्हला जाणार आहे. तिला चार कामं सांगितली आहेत. मधल्या मॉडेलची नको, टॉपचीच गाडी चालवायला माग. चालता चालता नकाशा लावून ठेव आणि काचेवर हवा वळवायला किती वेळा बोट लावावं लागतं ते मोज. लेनचं सहाय्य बंद कर, इंजिन बंद करून पुन्हा सुरू कर आणि ते बंदच राहिलं का बघ. आणि पुढची काच बदलायचा खर्च, कॅलिब्रेशन धरून, त्यांच्याकडून कागदावर लिहून घे.