स्पेनमध्ये भाड्याची गाडी: पंक्चर दाखवणारा सज्जन आणि काउंटरवरची सही

फ्रान्सच्या हद्दीवरच्या ला जोंकेरापासून बार्सिलोनाकडे उतरणारा एपी-७ महामार्ग पर्यटकांच्या गाड्यांनी बारा महिने भरलेला असतो. या रस्त्यावर आणि बार्सिलोना विमानतळाच्या आसपास भाड्याच्या गाड्या लुटण्याचा एक प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे. अमेरिका आणि ब्रिटनची परराष्ट्र खाती आपल्या प्रवाशांना त्याबद्दल लेखी सावध करतात. आपल्याकडच्या बहुतेकांना मात्र तो पासपोर्ट गेल्यावरच कळतो.

सुरुवात सर्व्हिस एरियात होते. तुम्ही कॉफी प्यायला थांबता. मागच्या काचेवर कंपनीचा स्टिकर, मागच्या सीटवर डिकीत न मावलेल्या बॅगा, कोटाच्या खाली झाकल्यासारखी केलेली लॅपटॉपची सॅक. पाहणाऱ्याला एवढं पुरतं: माणूस परदेशी आहे आणि सगळं सामान गाडीतच आहे. तुम्ही आत असताना कुणीतरी टायरच्या बाजूच्या भिंतीत टोच्या खुपसतं. जागा मुद्दाम निवडलेली असते. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला तर हवा कित्येकदा तासन्‌तास टिकते आणि सीलंटने भोक बुजतंही. बाजूच्या भिंतीतलं छिद्र सीलंटला दाद देत नाही. आजकालच्या भाड्याच्या गाड्यांमध्ये बरेचदा स्टेपनी नसतेच, छोटा कंप्रेसर आणि सीलंटची बाटली एवढंच असतं. म्हणजे गाडी काही किलोमीटर जाते आणि मग आडरानात खोळंबते.

कधीकधी टायरला हातही लावत नाहीत. शेजारून हॉर्न वाजवून चाकाकडे बोट दाखवलं तरी निम्मे लोक गाडी बाजूला घेतात.

मागून आलेली गाडी डावीकडून बरोबरीने येते, आतला माणूस खाली बोट दाखवतो, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. तुम्ही उजवीकडच्या कडेला थांबता, तोही पुढे थांबतो. उतरतो तो नीटनेटका, इंग्रजी बऱ्यापैकी बोलणारा. तो चालकाला उजव्या बाजूच्या मागच्या चाकाशी नेतो, वाकतो, बोटाने छिद्र दाखवतो, तुम्हालाही वाकायला लावतो. मग विचारतो, जॅक कुठे आहे? जॅक आणि किट असतं डिकीच्या तळाखाली, त्यामुळे आधी सुटकेसेस बाहेर काढाव्या लागतात. घरातली मंडळी उतरून त्या रस्त्याकडेला लावतात. आता चारही दारं उघडी आहेत, चावी गाडीत नाहीतर सीटवर, आणि सगळ्यांचे डोळे उजव्या मागच्या कोपऱ्यात. याच वेळी दुसरा माणूस गाडीला वळसा घालून डाव्या बाजूने येतो, पुढचं दार उघडतो, दोन सीटांमधली किंवा पायाशी ठेवलेली पर्स उचलतो आणि दार आवाज न करता ढकलून ठेवतो. मिनिटभराचं काम. मदत करणाऱ्याला अचानक उशीर होतो, तो हस्तांदोलन करून निघतो. कित्येक कुटुंबं त्याचे आभार मानतात. पर्स नाही हे टायर बदलून झाल्यावर, पाण्याची बाटली शोधताना लक्षात येतं.

यावरचा पहिला उपाय डॅशबोर्डवरच आहे. नोव्हेंबर २०१४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये टायरचा दाब कमी झाल्याचं दाखवणारी यंत्रणा बंधनकारक आहे. घोड्याच्या नालासारख्या आकारात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा म्हणजे तीच. शेजारचा हातवारे करतोय, पण दिवा लागलेला नाही आणि स्टिअरिंगही ओढत नाही, तर थांबायचं कारण नाही. मान हलवून आभार मानल्यासारखं करा आणि जात राहा. पुढच्या पेट्रोल पंपावर, कॅमेरे आणि माणसं असतील तिथे, दारं लॉक करून टायर पाहा.

दिवा लागला असेल तर वेग उतरवा, चारही इंडिकेटर लावा आणि थोडीफार हवा असेपर्यंत पुढच्या सर्व्हिस एरियापर्यंत किंवा बाहेर पडण्याच्या फाट्यापर्यंत हळू न्या. टायर कापला जाईल आणि त्याचे पैसे कंपनी घेईल, कारण साध्या विम्यात टायर धरलेला नसतोच. घेऊ द्या. मात्र गाडी नुसत्या रिमवर आली, आवाज बदलला, तर पुढे रेटू नका, ते धोक्याचं आहे.

महामार्गाच्या कडेला थांबावंच लागलं तर दोन सल्ले एकमेकांच्या विरोधात जातात. चोरांपासून वाचायचं तर आत बसा, आणि मागून येणाऱ्या ट्रकपासून वाचायचं तर बाहेर पडून कठड्यापलीकडे उभे राहा. आमच्या मते ट्रकला मान द्यावा. पण उतरण्याआधी पासपोर्ट आणि कार्डं असलेली पिशवी अंगावर अडकवा, लांबून चमकणारं जाकीट गाडीत बसूनच घाला, सगळे उजव्या दारांनी उतरा, गाडी लॉक करून चावी खिशात टाका. सुटकेस डिकीतच राहू द्या. जॅक काढायला ती बाहेर काढायची नाही, मदतीचा टेम्पो येऊन तेच काम करतो. कंपनीचा आपत्कालीन नंबर कराराच्या पहिल्या पानावर असतो, तो गाडी घेताना मोबाइलमध्ये साठवा. पोलिसांसाठी ११२, तिथे इंग्रजी चालतं.

१ जानेवारी २०२६ पासून स्पेनमध्ये नोंदलेल्या गाड्यांत रस्त्यावर मागे मांडायच्या इशाऱ्याच्या त्रिकोणाऐवजी व्ही-१६ हा पिवळा दिवा सक्तीचा झाला आहे. तो चुंबकाने टपावर चिकटतो आणि खिडकीतून हात काढून ठेवता येतो, म्हणजे त्रिकोण मांडायला पन्नास पावलं मागे चालत जाऊन गाडी वाऱ्यावर सोडावी लागत नाही. गाडी ताब्यात घेताना हा दिवा आणि जाकीट ग्लव्ह बॉक्समध्ये आहे का ते पाहाच. डिकीत टाकून दिलेलं जाकीट वेळेला उपयोगी पडत नाही.

याच प्रकाराचा दुसरा अवतार म्हणजे साध्या कपड्यातले पोलीस. क्षणभर बिल्ला दाखवतात, पासपोर्ट मागतात, मग खोट्या नोटा तपासायच्या म्हणून पाकीट मागतात. बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कातालुन्यात वाहतूक सांभाळणारं दल मोसोस द'एस्क्वाद्रा हे आहे आणि त्याचे वाहतूक पोलीस गणवेशात असतात. पाकिटातल्या नोटा मोजून पाहणं हे कुठल्याच खऱ्या पोलिसाचं काम नाही. काच दोन बोटं उघडा, उतरू नका, पोलीस ठाण्यात येतो म्हणा आणि ११२ लावा. खरा पोलीस त्यावर चिडत नाही. दुकानांच्या पार्किंगमध्ये रिमोटचा सिग्नल दाबून टाकणारी यंत्रंही वापरली जातात. बटण दाबलं म्हणजे गाडी लॉक झाली असं धरून चालू नका, हँडल ओढून पाहा.

चोरी झालीच तर आधी बँकेला फोन, मग जवळच्या ठाण्यात देनुन्सिया, म्हणजे लेखी तक्रार. तिची शिक्क्याची प्रत नसेल तर प्रवास विमा एक पैसा देत नाही आणि भारतीय दूतावासातही अडतं. पासपोर्टबरोबर शेंगेन व्हिसाही जातो. तातडीने मिळतं ते इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यापुरतं असतं, त्यावर पुढे पॅरिस होत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. फोन त्याच पर्समध्ये गेला तर गॅलरीतले फोटो कामाचे नाहीत.

हे झालं रस्त्यावरचं. आमच्या पाहण्यात संख्येने जास्त लोक गंडतात ते विमानतळावरच्या काउंटरवर, आणि तिथे सगळं कायदेशीर असतं.

वेबसाइटवर दिवसाला आठ-दहा युरो दाखवणारी गाडी त्या भावात परवडत नाही, हे कंपनीलाही ठाऊक असतं. पैसे वसूल होतात जादा विम्यातून. भाड्यात धरलेल्या साध्या विम्यात नुकसानीचा पहिला हिस्सा तुमच्या माथी असतो, साधारण १,००० ते ३,००० युरो, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्ड मुख्य चालकाच्याच नावावर हवं. नवऱ्याच्या नावावर गाडी आणि बायकोचं कार्ड, किंवा डेबिट कार्ड, म्हणजे काउंटरवर आयतं गिऱ्हाईक: मग पूर्ण विमा घ्या नाहीतर गाडी विसरा. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड परदेशात मुळात बंद असतं. ते चालू करा, परदेशी वापराची मर्यादा वाढवा आणि शिल्लक क्रेडिट अडकवायच्या रकमेपेक्षा पुष्कळ जास्त ठेवा.

बाहेरून घेतलेला स्वस्त एक्सेस विमा, म्हणजे तो पहिला हिस्सा भरून देणारा विमा, असेल तर काउंटरवरचा म्हणतो, तो इथे चालत नाही. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्या विम्याने अडकवलेली रक्कम कमी होत नाही. नुकसान झालं तर आधी तुमच्या कार्डावरून पैसे जातात आणि मग विमावाला ते परत करतो. हे माहीत असेल तर शांतपणे म्हणा, रक्कम अडकवा, विमा नको.

मग टॅब्लेट पुढे सरकतो. इथे सही करा, गाडीसाठी. मागे रांग, मुलं कंटाळलेली, पडद्यावर स्पॅनिश. त्या एका सहीत पूर्ण विमा, रस्त्यावरची मदत आणि इंधनाची योजना अशा तिन्ही गोष्टी बसवता येतात. भाषा इंग्रजी करायला सांगा, एकूण रकमेचा आकडा बुकिंगच्या आकड्याशी ताडून पाहा, जास्त असेल तर एकेक ओळ काढायला लावा. इंधनाची योजना भरलेली घ्या, भरलेली द्या अशीच हवी. भरलेली घ्या, रिकामी द्या यात कंपनीच्या भावाने पूर्ण टाकी आणि वर सेवाशुल्क लागतं, उरलेल्या इंधनाचे पैसे मिळत नाहीत. कार्ड मशीन रुपयात की युरोत असं विचारतं, तेव्हा युरो दाबा. रुपयातला दर मशीनवाल्याचा असतो आणि तो नेहमीच महाग.

गाडी तळघरातल्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये हातात देतात. टॉर्च लावून सलग एक व्हिडिओ घ्या: नंबर प्लेटपासून सुरुवात, चारही रिमच्या कडा, पुढच्या बंपरची खालची बाजू, दारांखालच्या पट्ट्या, टप, काचेवरचे बारीक टवके, शेवटी किलोमीटर आणि इंधनाचा काटा. रिम, काचा, टप आणि गाडीचं पोट हेच भाग साध्या विम्याबाहेर असतात, म्हणून परत देताना बॅटरी घेऊन तिथेच वाकून बघतात. जुना ओरखडा कागदावर नसेल तर परत काउंटरवर जाऊन लिहून घ्या. ‘त्याचं काही नाही’ हे तोंडी आश्वासन तीन आठवड्यांनी कार्डावर उमटतं.

इंधन भरताना रंगावर जाऊ नका, लेबल बघा: पेट्रोलला गोलात ई-५ किंवा ई-१०, डिझेलला चौकोनात बी-७. चुकीचं इंधन कंपनीच्या विम्यात सहसा बसत नाही, पूर्ण विम्यातही नाही. परत देताना शेवटच्या पंपाची पावती ठेवा आणि माणूस हजर असेल त्याच वेळी गाडी द्या. रात्री पेटीत चावी टाकली की सकाळी तपासणाऱ्याने जे लिहिलं ते खरं.

निघण्याआधीची एक गोष्ट. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याकडे आरटीओतून, फॉर्म ४-अ भरून, हजार रुपयांत मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. ‘तीन वर्षांचा, डिजिटल, दहा मिनिटांत’ म्हणून ऑनलाइन विकला जातो तो रंगीत कागद आहे. पोलीस तो मानत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला तेवढं पुरतं. भारतातलं मूळ लायसन्सही बरोबर लागतंच.

परतल्यावर दंडाचे मेसेज येतात. स्पेनच्या वाहतूक खात्याच्या, म्हणजे डीजीटीच्या नावाने लिंक असलेला एसएमएस किंवा ईमेल आला तर तो बनावट समजा, डीजीटी दंड असा कळवत नाही. इटलीतही भाड्याची गाडी चालवली असेल, तर तिथून नोंदणीकृत टपालाने आलेली नोटीस मात्र कचऱ्यात टाकू नका. फ्लोरेन्स, पिसा, रोमच्या जुन्या भागांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेली क्षेत्रं आहेत. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ, आणि दिव्याच्या फलकावर ‘वार्को आत्तिवो’ म्हणजे आत जायचं नाही. कॅमेऱ्याखालून जितक्या वेळा गेलात तितके वेगळे दंड, आणि परदेशी माणसाला नोटीस ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते. त्याआधी भाड्याची कंपनी तुमचं नाव पोलिसांना दिल्याचे वेगळे ३०-५० युरो कार्डावरून कापते. तो दंड नसून कंपनीचं शुल्क आहे. करारात छापलेलं असल्यामुळे बँकेकडे तक्रार करून ते परत मिळण्याची आशा नाही, आणि मूळ दंड त्यानंतरही भरावाच लागतो.